सदतीस टिंबं

व्यक्तीचे वर्णन खालीलप्रमाणे. स्त्री, वय वर्षे छप्पन्न. चष्मा दुहेरी भिंगाचा. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन्सिलीने पडलेला घट्टा. हुद्दा : वरिष्ठ पडताळणी तज्ज्ञ, वैद्यकीय संज्ञापन विभाग. अनुभव : एकोणीस वर्षे. कामाचे ठिकाण : दूरस्थ. संगणक हाताळण्याचे कौशल्य : समाधानकारक (स्वतःच्या सांगण्यावरून). विशेष ओळखचिन्ह : छापील मजकुरातील चूक दिसल्यास गप्प बसता येत नाही.

कंपनीच्या फायलीत असं लिहिलेलं आहे आणि त्यात खोटं काही नाही. मात्र एवढ्यावरून ही बाई कुणाला ओळखू येणार नाही. कंपनीत तिला सगळे टिंबताई म्हणत. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एका खोकल्याच्या औषधाचं पत्रक छपाईला निघालं होतं. त्यात दीड चमच्यामधलं दशांशाचं टिंब गळून पंधरा चमचे झाले होते. लिहिणाऱ्याने वाचलं, डॉक्टरने वाचलं, साहेबाने वाचून सही केली. टिंबताई म्हणाल्या, “पंधरा चमचे? मग चमचा कशाला हवा, बाटलीच तोंडाला लावा म्हणावं.” त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

कंपनीचा धंदा समजायला सोपा नाही. टिंबताईंच्या नवऱ्याला तो अकरा वर्षांनी समजला. औषध करणारे औषध करतात, डॉक्टर ते लिहून देतात, रुग्ण ते घेतो किंवा खिडकीतून टाकतो. पण त्या औषधाबद्दल डॉक्टरला काय सांगायचं आणि खोक्यातल्या त्या घडीच्या कागदावर काय छापायचं, हे कुणीतरी लिहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे ही कंपनी. लिहिणारे तिसेक जण होते, सगळे चांगले शिकलेले. आणि त्यांनी लिहिलेलं एक अक्षरही खरं न मानण्यासाठी पगार घेणारी दोन माणसं होती. एक टिंबताई, दुसरे मास्तर. मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवत. शाळा बंद पडली, मास्तर चालू राहिले.

दोघांची कामाची रीत ठरलेली होती. एकाने मूळ अहवाल हातात घेऊन आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मसुदा समोर ठेवून खुणा करत जायचं. एकाच माणसाने दोन्ही कागद पाहायचे नाहीत, कारण डोळा मोठा भिडस्त. जे असायला हवं तेच त्याला दिसतं. ऐकणाऱ्याने अक्कल चालवायची नाही. कानावर पडलं ते आणि कागदावर आहे ते, एवढंच ताडून पाहायचं. मग अदलाबदल, म्हणजे दुसऱ्याने मसुदा वाचायचा आणि पहिल्याने अहवालावर खुणा करायच्या. याद्या साहेबाच्या हाती जाईपर्यंत आपसात चर्चा बंद. आणि दशांशाचं टिंब आलं की ते तोंडाने बोलायचं नाही, पेन्सिलीने टेबलावर एक टक् द्यायचा. “दोन, टक्, पाच.” दिवसाला हजारभर टिंबं उच्चारून घसा बसतो, म्हणून त्यांच्याही आधीच्या कुणीतरी ही युक्ती काढली होती. ऑफिसातल्या त्या टेबलावर दोन्ही बाजूंना एकेक खळगा पडला होता. नवीन माणसं त्याला वाळवी समजत.

मग कंपनीने हिशोब केला, भाड्याचा मजला सोडला आणि सगळ्यांना कळवलं की उद्यापासून आपापल्या घरून काम.

पहिल्या सोमवारी टिंबताई नऊ वाजता नीट आवरून, डबा भरून, खांद्याला पर्स लावून स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, “येते हं.”

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं. “कुठे?”

“मागच्या खोलीत.”

“बरं. संध्याकाळी येताना दूध आणशील?”

“जमलं तर बघते,” असं म्हणून त्या अकरा पावलं चालून कामावर गेल्या.

दुपारी एक वाजता त्यांनी डबा उघडला. भिंतीपलीकडे नवरा गरमगरम जेवत होता. “अगं, इकडे ताजं आहे की!” त्याने हाक मारली. “ऑफिसात ताजं कुठून असणार?” टिंबताई म्हणाल्या आणि गार जेवल्या. बुधवारपर्यंत हा बाणा टिकला. गुरुवारी डबा फडताळात गेला, शुक्रवारी पर्स. पुढच्या सोमवारी त्या केसांना तेल लावून मीटिंगला बसल्या. कॅमेरा चालू आहे हे त्यांना सत्तावीस जणांनी एकदम सांगितलं. शिकायला उशीर लागला, पण शिकल्या. आवाज बंद कसा करायचा हे मास्तरांच्या आधी शिकल्या, आणि याचा उल्लेख करायची संधी त्यांनी पुढे कधी सोडली नाही.

नवरा हा एक स्वतंत्र विषय आहे. तो पाणीखात्यातून निवृत्त झाला होता. रस्त्याला लोखंडी दांडा टेकवायचा, त्याचं वरचं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाणी कुठे निसटतंय ते ऐकून सांगायचं, हे त्याने एकतीस वर्षं केलं. त्याने खूण केली तिथे खणलं आणि पाणी लागलं नाही, असं खात्यात दोनदाच झालं. घरात मात्र त्याला पहिल्या हाकेला कधी ऐकू गेलं नाही.

पहिले पंधरा दिवस टिंबताई आणि मास्तरांनी साध्या फोनवर काम केलं. फोन टेबलावर उताणा टाकायचा. मास्तरांचा आवाज आणि पेन्सिलीची टकटक दोन्ही स्वच्छ येत. मास्तरांचं घर बसने चाळीस मिनिटांवर, पण वाटे की शेजारीच बसलेत. मग परिपत्रक आलं. औषधांची गुप्त माहिती खाजगी फोनवर बोलू नये, यापुढे कंपनीने दिलेल्या संगणकातली मीटिंगचीच सोय वापरावी. टिंबताईंनी परिपत्रकातल्या दोन चुका दाखवून ते परत पाठवलं, आणि पाळलं.

नव्या सोयीवरचा पहिलाच कागद म्हणजे लहान मुलांच्या एका पातळ औषधाचा तक्ता. एवढ्या वजनाच्या मुलाला एवढे मिलिलिटर, असा. मास्तरांच्या हाती अहवाल, टिंबताईंच्या हाती मसुदा.

“सात... पाच,” मास्तर म्हणाले.

मसुद्यात होतं ७.५.

टिंबताई थबकल्या. “सात पाच?”

“सात... पाच!” मास्तरांनी ठणकावलं.

मधे किंचित थांबत होते, पण त्या यंत्रावर सगळेच अडखळत बोलत. टिंबताईंनी अक्कल बाजूला ठेवली, खूण केली, पुढे गेल्या. बारा पाच. दोन पाच. शून्याने सुरू होणारा एखादा आकडा आला असता तर त्यांना संशय आला असता. पण तक्त्यात तसा एकही नव्हता. मग अदलाबदल झाली. त्यांनी मसुदा वाचला, अगदी पेन्सिल आपटून आपटून, कारण मास्तर हल्ली टिंबं विसरू लागलेत हे त्यांच्या ध्यानात आलं होतं आणि बोलून दाखवण्यापेक्षा वळण घालून देणं बरं. मास्तर मात्र दर आकड्याला “सात पाच?” “बारा पाच?” असं विचारत राहिले. टिंबताईंना फार वाईट वाटलं.

दोघांच्या याद्या एकाच तासात मॅनेजरबाईंकडे पोचल्या. मॅनेजरबाई वयाने टिंबताईंच्या मुलीएवढ्या, पण फोन मुलीपेक्षा जास्त करणाऱ्या. त्यांनी याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. टिंबताईंची यादी म्हणत होती : अहवालात टिंब नाही, मसुद्यातलं काढावं, सदतीस ठिकाणी. मास्तरांची यादी म्हणत होती : अहवालात टिंब आहे, मसुद्यात नाही, घालावं, त्याच सदतीस ठिकाणी. बाईंनी दोन्ही कागद स्वतः उघडले. दोन्हीकडे सदतीस टिंबं जागच्या जागी होती.

त्यांनी आधी मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणाले, “ताईंची काही चूक नाही. माझाच कान हल्ली दगा देतो.” मग टिंबताईंना लावला. टिंबताई म्हणाल्या, “मास्तर चोख वाचतात. मीच कुठेतरी तंद्रीत असणार.” दोघांनी एकमेकांना इतकं छान वाचवलं की मॅनेजरबाईंसमोर दोघंही कामातून गेल्याची खात्रीशीर कबुली जमा झाली.

“हे बघा मॅडम,” त्या म्हणाल्या, “माझा तुमच्यावर राग नाही. पण वरून विचारणा आहे की अजून वाचून तपासायची गरज काय. गुरुवारी सकाळी एक नवा तक्ता पाठवते. शुक्रवारी बारापर्यंत बिनचूक आला तर आपण चालू ठेवू. नाहीतर महिनाअखेर हा विभाग बंद करावा लागेल, आणि तुम्हा दोघांना निवृत्ती...” पुढचं त्या नीट बोलल्याच नाहीत.

घरी बसायला टिंबताईंची हरकत नव्हती. घरीच तर बसल्या होत्या. पण एकोणीस वर्षं रोज कुणाच्या तरी बाटलीतलं टिंब जागेवर ठेवलेल्या बाईने आता वाणसामानाच्या पावत्या तपासायच्या, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

“मास्तर थकले हो,” संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या. “टिंबं खायला लागलेत. आणि माणसाला सांगणार तरी कसं?”

“ते तिकडे म्हणत असतील, ताईंचे कान गेले.”

“माझे कान? माझे?”

“मघाशी मी काय सांगितलं तुला?”

“कधी? मी बोलत होते तेव्हा?”

“झालं तर,” नवरा म्हणाला.

बुधवारी सकाळी दहाला दारावरची घंटा वाजली. दारात मास्तर. इस्त्रीचा शर्ट, काखेत अहवालाचं लिफाफ्यात बंद केलेलं बाड, खिशात स्वतःची पेन्सिल. “इकडे जरा काम होतं,” ते म्हणाले, “म्हटलं, सहज डोकावावं.” बसने चाळीस मिनिटं लागतात अशा ठिकाणी सहज डोकावणारा माणूस टिंबताईंनी पहिल्यांदाच पाहिला.

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मास्तर बाहेरच्या खोलीतून अगदी हळू, जवळजवळ पुटपुटत म्हणाले, “साखर कमी घाला बरं का.”

“घालते कमी!” आतून आवाज आला. “पण असं चोरासारखं का बोलताय? घसा बसलाय का?”

मास्तरांचा चेहरा उजळला, पण लगेच गोंधळला. टिंबताई कप घेऊन बाहेर आल्या, समोर बसल्या आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “मास्तर, सतरा नव्वे?”

“त्रेपन्नासे. का हो?”

“काही नाही. मनात आलं.”

“एकोणीस सत्ते विचारा,” मास्तर म्हणाले. “तेही सांगतो. ताई, तुम्ही माझी परीक्षा घेताय?”

“आणि तुम्ही मघाशी साखरेचं पुटपुटत होतात, ते काय होतं?”

मग टिंबताईंनी कप बाजूला सारला. “सरळच बोलते. तुम्ही परवा एकाही टिंबाला टक् दिला नाहीत.”

“मी?” मास्तर उभेच राहिले. “मी पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत आपटलं! तुम्हीच वाचताना एकदाही दिला नाहीत.”

“माझ्या टेबलाचा रंग उडालाय, चला दाखवते!”

उडालेल्या रंगाची रीतसर पाहणी झाली. मग तिथेच, मागच्या खोलीत समोरासमोर बसून, त्यांनी परवाचाच तक्ता पुन्हा वाचला. सात, टक्, पाच. बारा, टक्, पाच. सदतीस टिंबं, सदतीस टक्, एकही खूण चुकली नाही. दोघांनाही हायसं वाटलं आणि दोघंही जास्तच चक्रावले.

दारात नवरा उभा होता. चहाचे कप न्यायला आला होता, पण कप विसरून ऐकत होता. “पाणी इकडून सुटतंय,” तो म्हणाला, “आणि तिकडे पोचत नाहीये. मग दोष ना विहिरीचा, ना हंड्याचा. मधे कुठेतरी गळतंय.”

“अहो, इथे नोकरी जायची वेळ आलीय, आणि तुम्हाला हंडे सुचतायत.”

“मशीन लावा,” नवरा म्हणाला. “मास्तर, तुम्ही झोपायच्या खोलीत. आमच्या हिने स्वयंपाकघरात जावं.”

मास्तरांकडे त्यांचा संगणक होता. सहज डोकावणारा माणूस तोही बरोबर घेऊन आला होता. दोन खोल्यांत दोन यंत्रं सुरू झाली. नवऱ्याने स्वयंपाकघराच्या भिंतीला एक कान लावला, दुसरा टिंबताईंच्या यंत्राकडे केला, आणि तीस वर्षांपूर्वी रस्त्यावर उभा राहायचा तसा डोळे मिटून उभा राहिला.

“सात... पाच,” यंत्र म्हणालं.

“पुन्हा,” नवरा ओरडला.

“सात... पाच.”

नवऱ्याने डोळे उघडले. “टकटक भिंतीतून येतेय. मशीनमधून येत नाहीये. तुमचं मशीन टिंबं गिळतंय.”

टिंबताईंनी स्वतः कान भिंतीला लावला. मास्तर पलीकडून पेन्सिल हाणत होते. भिंतीला ऐकू येत होतं, कंपनीच्या यंत्राला नाही.

कंपनीच्या मदतकक्षात एक बाई फोनवर आली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “बरोबर आहे मॅडम,” ती म्हणाली, “ती सोयच आहे. माणसाचा आवाज सोडून बाकी खडखड, टकटक, कुत्रं, मिक्सर, सगळं ते आपोआप गाळतं. लोकांना फार आवडतं.”

“ते बंद कुठे करायचं?”

“तुम्हाला नाही करता येणार. मुख्य कार्यालयातून होतं. अर्ज भरा, एकवीस कामकाजाचे दिवस लागतात.”

“आज बुधवार आहे हो. मला शुक्रवारी द्यायचंय.”

“मग अर्जात ‘तातडीचे’ वर खूण करा,” ती म्हणाली. “त्यालाही एकवीसच लागतात, पण लिहिलेलं बरं असतं.”

अर्ज गेला. मग कुठल्याही शहाण्या माणसाला सुचेल ते त्यांनाही सुचलं : पेन्सिल ठेवून द्यावी आणि तोंडाने “टिंब” म्हणावं. मास्तर घरी गेले आणि दुपारी त्यांनी यंत्रावर हा प्रयोग करून पाहिला. तो पाहण्यासारखा होता. मास्तर “सात टिंब” म्हणत आणि हात पेन्सिल शोधायला जाई. हात रिकामा परत आला की डोळा ओळीवरून घसरे. तिसऱ्या ओळीनंतर त्यांनी पाचवी वाचली, मग चौथी, मग पुन्हा पाचवी. टिंबताई वाचू लागल्या तेव्हा त्यांनी एका पूर्णांकालाही टिंब लावलं आणि स्वतःच दचकल्या. एका तासाच्या कामाला तीन तास लागले आणि शेवटी दोघांनाही खात्री नव्हती.

“एकोणीस वर्षांचा हात आहे, ताई,” मास्तर यंत्रातून म्हणाले. “शुक्रवारपर्यंत नाही सुधारायचा.”

टिंबताईंनी तक्ता बाजूला सारला. मग म्हणाल्या, “मास्तर, उद्या सकाळी इकडे काही काम निघतंय का तुमचं?”

“निघू शकतं,” मास्तर म्हणाले.

गुरुवारी सकाळी तक्ता आला. अहवाल मास्तरांच्या संगणकावर, मसुदा टिंबताईंच्या. साडेदहाला मास्तर पोचले. दोन्ही यंत्रं पाठीला पाठ लावून टेबलावर ठेवली, मागच्या खोलीचं दार लावलं, आणि बाहेर नवरा दांडा घेतल्याच्या थाटात राखणीला बसला. आत गुप्त माहिती चालली आहे, असं त्याने दूधवाल्यालाही सांगितलं. आतून दोन तास नुसतं सात टक् पाच आणि दोन टक् पाच चाललं होतं. या वेळीही त्यांनी अक्कल बाजूला ठेवली आणि कानांवर भरवसा टाकला. दोघांचेही कान शाबूत निघाले. जेवायला नवऱ्याने तिघांची पानं घेतली. याद्या दुपारी गेल्या, शुक्रवारची वाट न बघता.

सोबत एक फॉर्म भरायचा होता. कामाचे ठिकाण : घर की कार्यालय. मास्तरांनी पेन उचललं आणि थांबले. “ताई, हे खोटं तर नाही ना व्हायचं?”

“घर नाहीये का हे?”

“आहे की.”

“मग? कुणाचं, ते विचारलेलं नाही. जे विचारलेलं नाही त्यावर आपण खूण करत नाही.”

मॅनेजरबाईंचा फोन शुक्रवारी सकाळीच आला. आवाज वेगळाच होता. “मॅडम, एक सांगू का? त्या तक्त्यात मी मुद्दाम तीन चुका पेरल्या होत्या. तपासायला म्हणून.”

टिंबताईंनी आपली यादी पुन्हा मोजली. “आमच्या याद्यांत चार आहेत.”

“हो ना. दोन्ही याद्यांत त्याच चार.” बाई म्हणाल्या. “चौथी माझी स्वतःची निघाली. सतरा किलोच्या मुलाला मी सत्तावीस किलोचा डोस देत होते. वर तिघांनी पाहिलं होतं ते.” मग त्या हसल्या. “विभाग चालू राहणार आहे. वरच्यांशी मी बोलले. आणि पुढच्या महिन्यात नव्या लोकांना तुमची पद्धत शिकवायची आहे, दूर राहून एवढं अचूक काम कसं करायचं ते. कराल ना?”

“करू की,” टिंबताई म्हणाल्या, आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी पहिल्यांदा मास्तरांना फोन लावला, खाजगी फोनवरून, कारण यात गुप्त काही नव्हतं.

एकवीस कामकाजाच्या दिवसांनी अर्ज मंजूर झाला आणि यंत्राने टिंबं गिळणं थांबवलं. त्यासोबत टिंबताईंना मास्तरांच्या गल्लीतला ट्रक, खालच्या मजल्यावरचा तबला आणि मास्तरांच्या पंख्याची कुरकूर एकेका टकटकीसारखी स्वच्छ ऐकू येऊ लागली. एका सकाळी तबल्याने तक्त्यात अकरा टिंबं वाढवली. त्यानंतर त्या सोयीचा विषय दोघांनीही काढला नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार मास्तर इकडे येतात. गुरुवार, शुक्रवार टिंबताई तिकडे जातात, कारण मास्तरांच्या बायकोनेही सांगून ठेवलं आहे की आमच्याकडेही टेबल आहे.

महिनाअखेर कंपनीचं पत्रक निघालं. त्यात लिहिलं होतं : सदर दोन वरिष्ठ कर्मचाऱ्यांनी दूरस्थ कार्यपद्धती पूर्णतः आत्मसात करून, भौगोलिक अंतरावर मात करत, आभासी सहकार्याचा अनुकरणीय नमुना प्रस्थापित केला असून इतर विभागांनी त्याचा अवलंब करावा.

मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं. टिंबताईंनी ऐकत ऐकत आपल्या प्रतीवर खुणा केल्या आणि “भौगोलिक अंतर” या शब्दांखाली रेघ मारून समासात लिहिलं, तपासावे.

टेबल साडेतीन फुटांचं आहे.